एक खुर्ची म्हणजे पावणेचारशे पुस्तकं

एप्रिलमधली सकाळ. ग्रंथालय आठला उघडतं आणि ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने येणारी पोरं साडेआठपर्यंत जिना चढून वर येतात. सव्वानऊला वाचनकक्षातल्या प्रत्येक खुर्चीवर कोणीतरी बसलेलं असतं, नाहीतर कोणाचा तरी रुमाल पडलेला असतो. लोकलमध्ये जागा धरायची सवय इथेही सुटत नाही. उशिरा आलेले मग रॅकांमधल्या बोळात फरशीवरच मांडी घालतात, पाठ पुस्तकांना टेकवून आणि चार्जरची वायर खांबाजवळच्या प्लगपर्यंत ताणून.

मी रुजू झाले त्या वर्षी अशाच एका मुलीला उठवायला गेले होते. ती बिचारी उठली, ओढणी झटकली, आणि तिच्या मागची फळी मला पहिल्यांदा नीट दिसली. व्हिज्युअल बेसिक ६ च्या एकाच पुस्तकाच्या अकरा प्रती ओळीने उभ्या होत्या. एक ओढून काढली तर वरच्या कडेवर बोट बुडेल इतकी धूळ. तारीखपट्टीवरचा शेवटचा शिक्का ऑगस्ट २००९ चा. अकरा प्रती ऐसपैस फळीवर, मुलगी फरशीवर.

ठाण्यात किंवा नवी मुंबईत एखाद्या विद्यापीठाच्या, मोठ्या कॉलेजच्या ग्रंथालयात तुम्ही नुकते लागला असाल, तर पहिल्या दोन-तीन बैठकांतच तुम्हाला ऐकवलं जाईल की पुस्तकं कमी करा, बसायची जागा वाढवा. आणि लगेच पुढच्या बैठकीत कोणीतरी ज्येष्ठ प्राध्यापक म्हणतील, ग्रंथालयातून पुस्तकं काढता म्हणजे काय? दोघांचंही खरं आहे. पण माझा अनुभव असा की भांडण पुस्तकं आणि विद्यार्थी यांच्यात नसतंच. खरी जागा अडवून बसलेल्या असतात त्या पाचव्यापासून चाळिसाव्यापर्यंतच्या जादा प्रती, आणि ऑनलाइन मिळणाऱ्या नियतकालिकांचे बांधीव खंड. ते आधी दाखवून दिलं की निम्मा वाद तिथेच मिटतो. कसं दाखवायचं, ते क्रमाने सांगते.

पहिली पायरी: दोन आठवडे नुसतं मोजा

काहीही हलवण्याआधी मोजायचं. एक आठवडा साध्या दिवसांतला, म्हणजे ऑगस्टमधला वगैरे, आणि एक परीक्षेच्या तोंडावरचा. दिवसातून तीन वेळा: दहाला, एकला, चारला. वाचनकक्षाचा हाताने काढलेला नकाशा झेरॉक्स करून घ्या आणि पेन्सिलीने खुणा करा. तीन आकडे वेगळे ठेवा: प्रत्यक्ष बसलेले किती, रुमाल किंवा बॅग ठेवलेल्या खुर्च्या किती, आणि फरशीवर, जिन्यात, खिडकीच्या कट्ट्यावर बसलेले किती. बैठकीत उपयोगी पडतो तो हा तिसरा आकडा. दाराजवळच्या नोंदवहीवर विसंबू नका. तिच्यात पुस्तक परत करून दोन मिनिटांत गेलेलाही असतो आणि दिवसभर बसलेलाही.

हे काम शक्यतो परिचर मामांकडे द्या. आमच्याकडचे मामा नकाशा न बघता सांगतात की कोपऱ्यातल्या टेबलावर कधीच कोणी बसत नाही, कारण वरचा पंखा कुरकुरतो. सॉफ्टवेअरच्या कुठल्याच अहवालात ही माहिती येत नाही.

पुस्तकांचंही मोजा. देवघेवीचे आकडे संगणकात असतातच, पण संदर्भग्रंथ घरी नेता येत नाहीत, त्यामुळे त्या आकड्यांत ते मेलेले दिसतात. त्यावर साधा उपाय आहे. प्रत्येक टेबलावर पाटी ठेवा: ‘वाचून झालेलं पुस्तक फळीवर परत ठेवू नका, इथेच ठेवा.’ संध्याकाळी ट्रॉली फिरवायची आणि गोळा झालेलं प्रत्येक पुस्तक स्कॅन करून मगच जागेवर लावायचं. कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यात अशा वापरासाठी सांख्यिकी प्रकारचा एक सभासद तयार करता येतो. त्याच्या नावावर पुस्तक स्कॅन केलं की ते कोणाला दिलं जात नाही, नुसती वापराची नोंद पडते. सोल हे दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी सरळ वही ठेवावी, बिघडत नाही.

दुसरी पायरी: खुर्ची आणि फळी एकाच मापात आणा

ग्रंथालयाच्या आखणीत ढोबळ हिशोब असा धरतात: एका वाचकाला टेबल, खुर्ची आणि ये-जा करायची वाट धरून सुमारे २५ चौरस फूट, आणि मुक्त प्रवेशाच्या, म्हणजे वाचक स्वतः जाऊन पुस्तक काढतो अशा, रॅकमध्ये मधले बोळ धरून एका चौरस फुटाला १५ पुस्तकं. गुणाकार केला की एका खुर्चीच्या जागेत ३७५ पुस्तकं बसतात.

हा आकडा पाठ करा. कुलसचिवांच्या कार्यालयातून ‘अजून चाळीस सीट हव्यात’ असा निरोप आला की तुम्हाला जागच्या जागी सांगता येतं, म्हणजे हजार चौरस फूट, म्हणजे पंधरा हजार पुस्तकांची जागा. उलट एखाद्या विभागाने जुन्या खंडांची दोन कपाटं सोडायला नकार दिला, तर ‘सर, ही कपाटं म्हणजे दोन मुलांच्या खुर्च्या’ असंही म्हणता येतं. रागावून नाही, हिशोब म्हणून.

स्वतःच्या रॅकवर एकदा पडताळून बघा. तीन फूट रुंदीच्या फळीवर तीन सेंटिमीटर जाडीची तीसेक पुस्तकं मावतात, पण फळी कधीच पूर्ण भरायची नसते, चोवीस-पंचवीसवर थांबायचं. दोन्ही बाजूंनी उघड्या, सहा-सहा फळ्यांच्या रॅकमध्ये म्हणून सुमारे ३०० पुस्तकं धरा. इंजिनिअरिंगची जाडजूड पुस्तकं असतील तर त्याहून बरीच कमी. फळी गच्च भरली की नवं पुस्तक आलं रे आलं की पुढच्या चार फळ्या सरकवाव्या लागतात. शिवाय वरून बोट घालून पुस्तक ओढलं की पाठीचा वरचा भाग उसवतो. बांधणीचा निम्मा खर्च या गच्च फळ्यांपायीच होतो.

तिसरी पायरी: वजन विचारा

‘रॅक त्या रिकाम्या वर्गात हलवू’ असं कोणी सहज म्हणालं तर थांबा. भारतीय मानकानुसार (आयएस ८७५, भाग २) ग्रंथसाठ्याच्या खोलीची जमीन दर चौरस मीटरला सुमारे ६०० किलो भार धरून आखायची असते, वर्गखोलीची सुमारे ३०० किलो. कॉम्पॅक्टर, म्हणजे रुळावर सरकणारी कपाटं, बसवली तर मधले बोळ जातात आणि तेवढ्याच फरशीवर जवळजवळ दुप्पट वजन येतं. विक्रेता कधीच हे आपणहून सांगत नाही. संस्थेच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी पत्र घ्या आणि फाइलला लावा. तळमजल्यावर हा प्रश्न हलका होतो, पण तिथे पाण्याचा प्रश्न असतो, त्याबद्दल पुढे.

चौथी पायरी: फळीवर नक्की काय आहे

या पायरीला दोन-तीन महिने लागतात आणि त्याची लाज वाटून घेऊ नका. सॉफ्टवेअरमधून दोन याद्या काढा. एक, गेल्या दहा वर्षांत एकदाही न हललेली पुस्तकं. दुसरी, एकाच पुस्तकाच्या पाचाहून जास्त प्रती. पहिली यादी बघून नवीन माणूस हबकतो. हबकू नका, हे जगभर असंच असतं. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या १९७९ च्या प्रसिद्ध अभ्यासात १९६९ साली घेतलेल्या पुस्तकांपैकी सुमारे ४० टक्के पुस्तकं पहिल्या सहा वर्षांत एकदाही बाहेर गेली नव्हती. पण ही यादी संशयितांची आहे, दोषींची नाही. प्रत्येक पुस्तक हातात घेऊन बघावं लागतं.

सुरुवात जादा प्रतींपासून करा, कारण तिथे कोणाचं मन दुखावत नाही. मुंबई विद्यापीठाचा अभ्यासक्रम बदलला की त्या-त्या वर्षी चाळीस-चाळीस प्रती घेतलेल्या असतात, पुढे अभ्यासक्रम पुन्हा बदलतो आणि प्रती तिथेच राहतात. माझा नियम सोपा आहे: गेल्या तीन वर्षांत एका वेळी जास्तीत जास्त किती प्रती बाहेर होत्या ते बघायचं, त्यात एक मिळवायची, तेवढ्या ठेवायच्या. चाळीसपैकी कधीच सहाहून जास्त बाहेर गेल्या नसतील तर सात ठेवायच्या. बुकबँकेच्या, म्हणजे गरजू विद्यार्थ्यांना दीर्घ मुदतीने द्यायच्या, प्रती मात्र यात मिसळू नका. त्यांचा निधी वेगळा, नोंद वेगळी, आणि त्या बाद करायच्या रीतीही वेगळ्या.

मग कालबाह्य पुस्तकं. कर आणि कायद्याचे विभाग इथे सगळ्यात आधी लागतात. १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर सेवाकर, व्हॅट, अबकारीची मार्गदर्शकं एका रात्रीत जुनी झाली. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या आणि पुरावा कायद्याच्या जागीही नवे कायदे आले. पण इथेच घाई नडते. त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच दंड संहिता लागू राहते, असे खटले अजून वर्षानुवर्षं चालणार आहेत, आणि विधीच्या विद्यार्थ्याला जुनं भाष्य लागणारच. तेव्हा वीस प्रतींच्या दोन करा, शून्य करू नका. संगणकाच्या पुस्तकांना एवढी दयामाया लागत नाही. विंडोज ९८ वरचं पुस्तक ठेवायचं तर इतिहासात ठेवा. गणितातलं आणि भौतिकशास्त्रातलं जुनं पुस्तक केवळ जुनं म्हणून काढू नका. चाळीस वर्षांपूर्वीचं कॅल्क्युलस आजही चालतं, आणि त्यातली गणितं बहुधा जास्त चांगली असतात.

बांधीव नियतकालिकं सर्वांत जड आणि सर्वांत कमी वापरली जाणारी. ‘आता सगळं ऑनलाइन आहे’ हे वाक्य इथे सर्रास फेकलं जातं. ते तपासून घ्या. केंद्र सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. ३० प्रकाशकांची जवळपास १३ हजार नियतकालिकं तीत आहेत, पण ती आखली गेली ती सरकारी उच्चशिक्षण संस्थांसाठी आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी. नवी मुंबईतल्या खासगी विद्यापीठाने तिच्या भरवशावर कपाटं रिकामी केली तर पंचाईत. स्वतः वर्गणी भरत असाल तर करारात एकच गोष्ट शोधा: वर्गणी बंद केल्यावर, भरलेल्या वर्षांचे अंक कायम बघता येतील का? उत्तर ‘हो’ असेल तर छापील खंड जाऊ द्या. ‘नाही’ असेल किंवा उत्तरच मिळत नसेल तर खंड ठेवा, हवं तर गोदामात.

प्रबंधांचं त्यामानाने सोपं. शोधगंगेवर, म्हणजे देशभरातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, चढवलेला प्रबंध तिथे दिसतो का, उघडतो का, पानं पूर्ण आहेत का, हे एक-एक उघडून बघायचं. आपल्या विद्यापीठाच्या प्रबंधाची एक छापील प्रत तरीही ठेवायची. दुसरी-तिसरी प्रत कशाला हवी?

आणि काही पुस्तकं अशी की पंचवीस वर्षांत कोणी शिवलं नाही तरी त्यांना हात लावायचा नाही. ठाणे जिल्ह्याचं १८८२ चं गॅझेटियर. २०१४ साली पालघर वेगळा होण्याआधीच्या, एकत्र ठाणे जिल्ह्याच्या जनगणना पुस्तिका. सिडकोचे नवी मुंबईबद्दलचे जुने अहवाल. १९८२ साली बंद पडलेल्या ‘सत्यकथे’चे अंक असतील तर ते. मराठी नियतकालिकांच्या बाबतीत ‘ऑनलाइन असेलच’ असं गृहीत धरण्याचा गाढवपणा करू नका. हातातला खंड गेला की गेला. आपल्याकडे नसेल तर कोणाकडे आहे हे माहीत असणंही कामाचं. ठाण्यातलं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे. नव्या ग्रंथपालाने पहिल्या महिन्यात एकदा तिथे चक्कर मारून यावी.

पाचवी पायरी: निर्लेखन उघड्यावर करा

निर्लेखन म्हणजे पुस्तक रीतसर नोंदीतून बाद करणं. लपूनछपून पुस्तकं काढली की बातमी होते. उघड काढली की बैठक होते. बैठक परवडते.

आधी साठा पडताळणी पूर्ण करा, म्हणजे ‘हरवलेली’ आणि ‘बाद करायची’ यांची सरमिसळ होत नाही. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांतला (२०१७) नियम २१५ बहुतेक ठिकाणी संदर्भाला घेतात: २० हजारांपर्यंत ग्रंथ असतील तर दरवर्षी पूर्ण पडताळणी, २० ते ५० हजार असतील तर तीन वर्षांतून एकदा तरी, त्याहून जास्त असतील तर तीन वर्षांच्या आत नमुना पडताळणी. वर्षभरात दिलेल्या आणि वाचलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच हरवणं समजण्यासारखं धरलं आहे, अर्थात त्यात अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसेल तर. हजार रुपयांवरचं किंवा दुर्मीळ पुस्तक हरवलं तर मात्र चौकशी होते. तुमच्या संस्थेचा स्वतःचा नियम असेल तर तो वरचढ, तेव्हा जुन्या ठरावांची फाइल आधी वाचा.

मग बाद करायच्या पुस्तकांची यादी ग्रंथालय समितीपुढे नेण्याआधी ती पुस्तकं तीन आठवडे वाचनकक्षाच्या एका कडेला प्रत्यक्ष मांडा. नुसती यादी पाठवली तर कोणी वाचत नाही आणि नंतर सगळे भांडतात. शेजारी लाल चिठ्ठ्या ठेवा. ज्या प्राध्यापकाला एखादं पुस्तक राहावं असं वाटतं त्याने चिठ्ठीवर नाव, विभाग आणि कारण लिहून पुस्तकात खोचायची. निनावी चिठ्ठी धरायची नाही.

पहिल्या वर्षी एका विभागाने अख्ख्या रॅकवर एकच चिठ्ठी चिकटवली: ‘सर्व महत्त्वाचे.’ आम्ही ती तशीच समितीपुढे ठेवली. समिती हसली, विभागप्रमुख स्वतः आले आणि दोन तास उभं राहून त्यांनीच चौदा पुस्तकं निवडली. त्याच वर्षी अर्थशास्त्राचे एक निवृत्त सर सहज चक्कर मारायला आले होते. मांडलेल्या ढिगातून त्यांनी एक जीर्ण पुस्तक उचललं, चष्मा कपाळावर सरकवला आणि समासातल्या पेन्सिलीच्या नोंदी वाचत राहिले.

“मॅडम, हे रद्दीत?”

“रद्दीत नाही सर, म्हणूनच तर मांडलंय. अक्षर तुमचंच दिसतंय.”

“ग्रंथालयाच्या पुस्तकात मी लिहिलं होतं? दंड किती होतो आता?”

ते पुस्तक राहिलं. ‘प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक’ हे रंगनाथनांचं १९३१ चं सूत्र प्राध्यापक मंडळी तुम्हाला हमखास ऐकवतील. ऐकवू द्या, आणि त्यांच्या हातात चिठ्ठी द्या. ज्या ग्रंथाचा वाचक असतो तो तीन आठवड्यांत बहुतेक वेळा उभा राहतोच.

ठराव झाल्यावरची कारकुनी न कंटाळता करायची: दाखलनोंदवहीत प्रत्येक दाखल अंकासमोर (पुस्तक आलं तेव्हा त्याला दिलेला अनुक्रमांक) ठरावाचा क्रमांक आणि तारीख, सॉफ्टवेअरमध्ये ‘बाद’ ही स्थिती, आणि पुस्तकाच्या आतल्या संस्थेच्या प्रत्येक शिक्क्यावर ‘निर्लेखित’ असा ठळक शिक्का. हा शेवटचा शिक्का आम्ही एकदा टाळला होता, घाईत होतो. सहा महिन्यांनी एक माजी विद्यार्थी माटुंग्याच्या फुटपाथवरून आमच्या शिक्क्याची तीन पुस्तकं स्वतःच्या पैशाने विकत घेऊन आला, ‘मॅडम, आपल्या लायब्ररीत चोरी झालीय’ म्हणून. त्याला चहा पाजला, पैसे दिले, आणि खरं काय ते सांगताना माझीच मान खाली गेली.

रद्दीला देण्याआधी विद्यार्थ्यांसाठी एक टेबल लावा, ‘फुकट, घेऊन जा’. व्हिज्युअल बेसिकसुद्धा दोघांनी नेलं, कशाला ते विचारलं नाही.

सहावी पायरी: गोदाम आणि पाऊस

टाकायचं नाही पण रोज लागतही नाही, असं जे उरतं ते बंद साठ्यात जातं. तिथे वर्गांकाने, म्हणजे विषयवार, लावायची गरज नाही. तिथे कोणी चाळायला येत नाही. आकाराप्रमाणे तीन गट करा आणि गटात दाखल अंकाने लावा. उंच-बुटकी पुस्तकं एकत्र नसली की फळ्यांमधलं अंतर कमी करता येतं आणि त्याच रॅकमध्ये एखादी फळी जास्त बसते. संगणकात प्रत्येक पुस्तकाचं ठिकाण बदलायला मात्र विसरू नका. मागणी आली की दिवसातून दोनदा, अकराला आणि तीनला, पुस्तक वर आणून द्यायचं. हे वेळापत्रक पाळलं तर विद्यार्थी तक्रार करत नाहीत. ‘उद्या बघू’ म्हटलंत की बंद साठा बंदच पडतो.

जागा निवडताना तळघर नको. आपला हा सगळा पट्टा खाडीच्या काठचा. नवी मुंबईत पावसाचं पाणी साठवायला धारण तलाव बांधावे लागले आहेत यावरून समजून घ्या. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की पाणी कुठून येईल सांगता येत नाही. २६ जुलै २००५ ला ज्यांनी तळमजल्यावरचे खंड चिखलातून काढले त्यांना विचारा. वरच्या मजल्यावरही सगळ्यात खालची फळी जमिनीपासून सहा इंच वर हवी, रॅक भिंतीपासून हातभर लांब, आणि एसीची निचऱ्याची नळी डोक्यावरून जात नाही ना, हे बघून घ्या. बुरशी साधारण ६५ टक्क्यांच्या वर आर्द्रता टिकली की धरते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती त्याच्या बरीच वर असते. म्हणून पुस्तकं हलवायचं काम दिवाळीनंतर काढा आणि फेब्रुवारीत संपवा. दमट हवेत खोक्यात कोंबलेली पुस्तकं ऑक्टोबरमध्ये उघडलीत तर वासानेच कळेल काय झालं ते.

गठ्ठे सुतळीने करकचून बांधू नका, कडा कापल्या जातात. रुंद नाडा वापरा, आणि एका माणसाला सहज उचलता येईल एवढंच खोकं भरा. हमाली करणाऱ्या पोराच्या पाठीचाही विचार करा.

सातवी पायरी: मोकळ्या जागेत काय मांडाल

रॅक निघाले की आनंदाच्या भरात टेबलं ढकलू नका. आधी वर बघा. ट्यूबलाइटा रॅकांमधल्या बोळांवर लावलेल्या असतात. रॅक गेले की उजेड भलत्याच ठिकाणी पडतो आणि टेबलाच्या मधोमध सावली येते. वायरमनला आधी बोलवा. त्याच खेपेत जमिनीवर प्लगचे बिंदू काढून घ्या, दोन खुर्च्यांमागे एक तरी. प्लग नाही तिथली खुर्ची रिकामी राहते, मोजून बघितलंय. पंख्यांचंही तेच.

आठ माणसांचं टेबल घेऊ नका. त्यावर चार-पाच बसले की नवा येणारा ‘भरलंय’ समजून पुढे जातो, अनोळखी माणसाच्या कोपराला कोपर लावून बसायला कोणाला आवडतं? चौघांची टेबलं घ्या, आणि भिंतीला तोंड करून एकेकट्याचे कप्पे. खिडक्या वाचकांना द्या, पुस्तकांना उन्हाची गरज नाही. उरलेले रॅक कुंपणासारखे वापरा: गटाने बोलत अभ्यास करणारे दाराच्या बाजूला, मग पुस्तकांची जाड रांग, आणि पलीकडे शांत कक्ष. भरलेला रॅक आवाज चांगला अडवतो. वाट कुठेही तीन फुटांहून अरुंद नको, व्हीलचेअर गेली पाहिजे, आणि बाहेर पडायच्या दारासमोर ‘तात्पुरतं’ म्हणून एकही कपाट नको.

काही सहकारी नाक मुरडतील की ही मुलं आपली पुस्तकं वाचतच नाहीत, घरून नोट्स आणतात आणि एसीत बसतात. मला यात काही गैर वाटत नाही. घणसोलीला वन-रूम-किचनमध्ये टीव्ही चालू असताना, धाकटा भाऊ रडत असताना अभ्यास करणाऱ्या मुलीसाठी ही खुर्चीच ग्रंथालय आहे. बसायला आलेली चार पोरं कधीतरी मागे वळून फळी बघतात, तेवढं पुरे.

राहिला रुमाल. आमच्याकडे आता मामा दर अर्ध्या तासाने फिरतात आणि रिकाम्या खुर्चीसमोर वेळ लिहिलेली पिवळी चिठ्ठी ठेवतात. पुढच्या फेरीतही खुर्ची रिकामी असेल तर सामान उचलून काउंटरवर. पहिल्या आठवड्यात तीन भांडणं झाली. त्यानंतर मुलंच एकमेकांना ‘अरे, मामांची चिठ्ठी पडलीय’ असा फोन करतात.

आठवी पायरी: फळी पुन्हा भरू देऊ नका

प्रत्येक रॅकमध्ये पाचवा हिस्सा रिकामा राहिला पाहिजे, आणि दरवर्षी दोन विषय घेऊन चौथी पायरी पुन्हा करायची. सगळं एकदम करायची वेळ दहा वर्षांनी येऊ देऊ नका. नव्या खरेदीत प्राध्यापक चाळीस प्रती मागतील, तुम्ही पाच घ्या, मागणीची रांग बघा, मग वाढवा.

खरी कसोटी दानाची. महिन्यातून दोन फोन तरी येतात. ठाण्याच्या नौपाड्यातलं नाहीतर वाशीतलं घर, वडील गेले, फ्लॅट विकायचाय, पुस्तकांची चार कपाटं आहेत, ‘तुम्ही टेम्पो पाठवता का?’ पलीकडचा आवाज जड असतो आणि नाही म्हणवत नाही. नवीन असताना मी एकदा हो म्हटलं होतं. अकरा खोकी आली, त्यातली नऊ आमच्याकडे आधीच असलेल्या पुस्तकांची, एक दिवाळी अंकांचं आणि एक वाळवीचं. आता मी एवढंच म्हणते, “काका, आधी यादी पाठवा. फळ्यांचे मोबाइलवर फोटो काढलेत तरी चालेल. लागतील तेवढी नक्की घेऊ, बाकीची तुम्हालाच ठेवावी लागतील.” बरेच जण पुन्हा फोन करत नाहीत. जे फोटो पाठवतात, त्यांच्या फळीवर एखादं तरी असं निघतं की मी संध्याकाळी स्वतः रिक्षाने जाऊन घेऊन येते.